चार वाजता घरात कोण असतं?

दुपारी चार वाजता सोसायटीचे सेक्रेटरी ऑफिसात असतात. खजिनदार बँकेत असतात. कमिटीतले बाकीचेही कुठे ना कुठे कामाला गेलेले असतात. घरात असते आजी, गॅसवर दूध ठेवून मालिकेचा कालचा भाग बघणारी. घरात असतात भांडी घासायला आलेल्या मावशी. घरात असतो शाळेतून आलेला पाचवीतला मुलगा, भूक लागली म्हणून स्वतःच मॅगी करायला घेतलेला.

आता सांगा, अग्निशमन केंद्राचे जवान तुमच्या सोसायटीत प्रात्यक्षिक द्यायला आले होते, तेव्हा या तिघांपैकी खाली कोण उतरलं होतं?

कोणीच नाही. प्रात्यक्षिक झालं रविवारी सकाळी अकराला. कमिटीचे पाच-सात जण आले, वॉचमनला बोलावून घेतलं. जवानांनी पत्र्याच्या ट्रेमध्ये आग पेटवली, सेक्रेटरींनी लाल सिलिंडरची पिन ओढून ती विझवली, टाळ्या झाल्या, ग्रुपवर फोटो पडला. उद्या खरी आग ज्यांच्यासमोर उभी राहणार आहे, त्यांच्या हातात ते सिलिंडर आलंच नाही.

म्हणणं एवढंच: अग्निसुरक्षा आपण चुकीच्या माणसांना शिकवतोय. हे बदललं पाहिजे, आणि सोसायटीपुरतं ते बदलायला फारसा खर्च लागत नाही.

*

योग्य माणसाला शिकवलं की काय होतं, हे मुंबईने पाहिलेलं आहे. २२ ऑगस्ट २०१८. परळला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये सकाळी बाराव्या मजल्यावर आग लागली. चार जणांचा जीव गेला. वरच्या मजल्यांवर धूर कोंडला आणि माणसं सैरभैर झाली. सोळाव्या मजल्यावर एक दहा वर्षांची मुलगी होती. तिने सुती कपडे फाडून ओले केले, प्रत्येकाला नाकातोंडावर धरायला लावले आणि सगळ्यांना एका जागी शांत बसवलं. जवान पोचेपर्यंत ती माणसं तगली. सतरा जणांचा जीव वाचवल्याबद्दल तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. हे तिला कुठून सुचलं? शाळेत, तिसरीच्या वर्गात शिकवलं होतं.

ओल्या कापडाने विषारी कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, हेही लक्षात ठेवा. कापड काजळी अडवतं, घशाची आग कमी करतं आणि माणसाला आंधळ्यासारखं जिन्याकडे धावण्यापासून थांबवतं. तेवढ्या मिनिटांत बंब येतो. तिसरीतल्या एका तासाने मोठ्या माणसांच्या जमावाला तारलं. त्या इमारतीतल्या किती मोठ्यांना तो तास कधी मिळाला होता?

*

हे शिकवू शकणारे जवान कोण, तेही बघा. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटकं. दुपारी आग लागली, अग्निशमन दल पोचलं, चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. दलाचे ६६ जण त्या आगीशी झुंजताना गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासातल्या आगीने मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी नेले: महेंद्र देसाई, संजय राणे, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा राहतो, ही या खात्याची रीत आहे.

अशा माणसांना आपण वर्षातून एक आठवडा आठवतो. शाळेत एक कार्यक्रम, एका मॉलमध्ये मॉक ड्रिल, पोस्टर, छातीला लावायचा छोटा झेंडा. २१ एप्रिलला सगळं गुंडाळलं जातं. जवान मात्र वर्षभर त्याच केंद्रात असतात. आगीची वर्दी नसते तेव्हा होज धुतात, गाड्या तपासतात, कवायत करतात. त्यांच्याकडे जा, विचारा, बोलवा. पुण्यात एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्रात तर या कामाचं संग्रहालय आहे. शाळांच्या सहली वॉटरपार्कला जातात; एक सहल तिथेही जाऊ द्या.

*

आता स्वयंपाकघर. आजी, मावशी आणि पाचवीतला मुलगा, तिघांनाही पाठ असाव्यात अशा गोष्टी फार नाहीत.

पहिली. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो, ओट्याखाली, फ्रिजमागे. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला कळावं म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. पहाटे तो वास आला की बहुतेक माणसं पहिली गोष्ट करतात ती दिवा लावायची. तीच शेवटची ठरू शकते. बटण चालू करू नका, चालू असेल तर बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट फॅन नाही, लायटर नाही, मोबाईलही त्या खोलीत नाही. रेग्युलेटर बंद करा, काढून सिलिंडरला टोपी घाला, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मेन स्विच खोलीबाहेर असेल तरच तो पाडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा. गॅसगळतीसाठीचा हा नंबर. रात्री-अपरात्रीही लागतो.

पाइपचा गॅस याच्या उलट. तो हलका, वर छताशी साचतो. तुमच्या घरात कुठला गॅस आहे हे कामाला येणाऱ्या मावशींना कोणी सांगितलंय का? त्या दिवसातून चार घरांत चूल पेटवतात.

दुसरी. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नको. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते, वाफ सतराशे पट फुगते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. बर्नर बंद करा, कढईवर मोठं झाकण नाहीतर ताट बाजूने सरकवत घाला आणि थंड होईपर्यंत उचलू नका. पेटती कढई उचलून मोरीकडे पळणं ही सर्वांत वाईट युक्ती. हात तिथे भाजतात, अंगावरचे कपडे तिथेच पेटतात.

तिसरी. अंगावरचा कपडा पेटला तर पळायचं नाही. थांबायचं, जमिनीवर आडवं व्हायचं, तोंड हातांनी झाकून लोळायचं. जवळच्याने सतरंजी किंवा जाड सुती चादर टाकून दाबायचं. मग भाजल्या जागेवर नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. आणि स्वयंपाक करताना नायलॉनचा गाऊन आणि लोंबणारी ओढणी नको. हे सांगताना संकोच कसला? भाजलेल्यांच्या वॉर्डात बायकांच्या खाटा भरलेल्या असतात.

चौथी. सिलिंडर दारात आला की वजन बघता, तसं वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवरचं अक्षर आणि आकडाही बघा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. पुढचा आकडा सालाचा. ती तारीख उलटलेली असेल तर सिलिंडर चाचणीविना फिरतोय. घेऊ नका, परत पाठवा. गॅसची नळी पाच वर्षांनी बदला, आतून तारेची जाळी असलेली घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे लुटतो. एका वर्षी ही नळी वाण म्हणून द्या. त्याच दिवशी केंद्रातल्या जवानाला अर्धा तास बोलवा. समोर बसलेल्या बायकांइतका योग्य श्रोता त्याला कुठल्याच सप्ताहात मिळणार नाही.

बायकाच का, असा प्रश्न येईल. बरोबर येईल. घरातल्या पुरुषांना रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरतो हे माहीत नसेल तर ते त्यांनी आजच शिकावं.

*

विजेचं तर नावच काढायला नको असं आपण वागतो. घरांच्या आगीत अग्निशमन दलाच्या नोंदीत वारंवार येणारं कारण म्हणजे विजेतला दोष. तीस वर्षांपूर्वी वायरिंग झालं तेव्हा घरात दोन पंखे, चार ट्यूबलाइट आणि एक फ्रिज होता. आज तीच वायर दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन ओढते. एसी एक्स्टेंशन बोर्डावर चालतो. एमसीबी वारंवार पडतो म्हणून इलेक्ट्रिशियन मोठा एमसीबी बसवून जातो आणि आपण त्याला धन्यवाद देतो. एमसीबी पडत होता तो वायर वाचवायला! तो मोठा केला म्हणजे आता एमसीबीच्या आधी वायर जळणार.

पंधरा हजारांचं फॉल्स सीलिंग, चाळीस हजारांचं सोफ्याचं कापड, आणि भिंतीतली वायर मात्र आजोबांच्या काळातली. रंगकाम काढाल तेव्हा आधी वायर बदला. गळती पकडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. विजेची आग दिसली तर मेन पाडल्याशिवाय पाणी मारू नका. ई-स्कूटर रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावू नका. ती पेटली तर संपूर्ण इमारतीची वाट एकदम बंद होते.

*

कारण आग माणसाला जाळण्याआधी धूर त्याला पाडतो. धूर वर चढतो आणि जिना धुराड्यासारखा तो ओढून घेतो. म्हणून जिन्यातलं दार आपोआप मिटणारं असतं. आणि म्हणूनच ते दार विटेने उघडं अडकवून ठेवणं गुन्ह्याइतकं वाईट आहे. जिन्याखालची रद्दी, सायकली, जुनी गादी, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, कुंड्या, चपलांची कपाटं, हे सगळं मोकळ्या वाटेवरचं अतिक्रमण. उंच इमारतीतला रेफ्युज एरिया माणसांना थांबण्यासाठी आहे. तिथे पार्टीच्या खुर्च्या आणि टेबल टेनिस कशाला?

खिडक्यांचे तर आपण स्वतःच तुरुंग केले आहेत. बाहेर काढलेल्या पेटीसारख्या जाळ्या, वेल्डिंग केलेल्या, उघडणारा एक भागही नाही. चोर येईल या भीतीने आपण जवानाचाही रस्ता बंद केला. जाळी हवीच असेल तर आतून उघडणारी झडप ठेवा आणि ती उघडायला आजीलाही जमते का ते बघा.

आणि ते कुलूप. आजी विसराळू झाली, दार उघडं टाकते, म्हणून बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जाणारी घरं मला माहीत आहेत. लहान मुलांच्या बाबतीतही तेच. किल्ली शेजाऱ्यांकडे, शेजारी गावाला. हे थांबवा. आजच थांबवा. आजीची काळजी असेल तर माणूस ठेवा, शेजारी जोडा, पाळणाघर शोधा. पण आतून न उघडणाऱ्या दारामागे कुणालाही ठेवू नका.

धुरात उभं चालायचं नाही, रांगायचं. खाली हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. लिफ्ट नाही. बाहेरच्या दाराला हाताची मागची बाजू लावून बघायची. गरम असेल तर उघडायचं नाही, फटीत ओला टॉवेल कोंबायचा, खिडकीशी यायचं, रंगीत कापड हलवायचं. रात्री झोपताना बेडरूमचं दार लोटून घ्यायचं. साधं लाकडी दारही धुराला काही मिनिटं रोखतं. निघालात तर मागे वळायचं नाही, दागिन्यांसाठी नाही, मोबाईलसाठी नाही.

लाल सिलिंडर वापरायचं तर चार हालचाली: पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाकडे धरा, मूठ दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. बाहेर पडायचं दार आपल्या पाठीमागे ठेवूनच उभं राहा. घरगुती आकाराचं सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामं होतं. तेवढ्यात आग विझली नाही तर बाहेर. आणि १०१. पत्ता सांगा, जवळची खूण सांगा, कितवा मजला, आत कोणी अडकलंय का, कशाला आग लागली आहे. समोरचा फोन ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही. पाचवीतल्या मुलाला घरचा पूर्ण पत्ता, खुणेसकट, न अडखळता सांगता येतो का? आज रात्री जेवताना विचारा.

*

मग कागद. महाराष्ट्रात आगप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यावर. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून बी फॉर्म भरायचा असतो. किती सोसायट्यांत हा फॉर्म पंप चालू न करताच भरला जातो, हे प्रत्येक कमिटीने स्वतःला विचारावं. होजरीलचं पितळी नोझल जागेवर आहे का? व्हॉल्व्ह फिरतो का? टाकीत पाणी आहे का? फॉर्मवर सही करण्याआधी सातव्या मजल्यावरचा होज सोडून पाण्याची धार बघा. धार आली तर सही.

कागदावर विसंबून काय होतं, हे महाराष्ट्राने एकाच वर्षात पाहिलं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात पंधरा रुग्ण गेले. नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात आगीच्या दिवशीच अकरा. आदेश निघाल्यावर पुढे काय होतं, कोण जाऊन व्हॉल्व्ह फिरवतं, हा प्रश्न त्या तिन्ही ठिकाणच्या मृतांच्या नातेवाइकांना आजही विचारायचा आहे, आणि त्यांना उत्तर मिळायला हवं.

*

आता मागण्या, सरळ.

महापालिकांकडे: प्रत्येक अग्निशमन केंद्राच्या कामात आठवड्यातून एक घरभेट किंवा वस्तीभेट अधिकृतपणे धरा. फक्त टॉवरमध्ये नको. चाळीत जा, झोपडपट्टीत जा, जिथे एका खोलीत चूल, गादी आणि मुलाचं दप्तर दोन हातांवर असतं. त्यासाठी माणसं लागतात. अनेक महापालिकांत फायरमनपासून तांडेलापर्यंतच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. जे आहेत ते वर्दीवर पळताहेत, त्यांना शिकवायला वेळ कुठून मिळणार? भरती करा. नव्या उड्डाणपुलाइतकंच हे शहराचं बांधकाम आहे.

शाळांकडे: प्रत्येक मुलाला दरवर्षी एक तास. गुण नकोत, परीक्षा नको, फक्त करून बघायचं. रांगणं, लोळणं, १०१ वर बोलणं.

गाडीवाल्यांकडे: गल्लीच्या तोंडाशी लावलेली तुमची चारचाकी बंबाला थांबवते. 'पाचच मिनिटं' या शब्दांना आगीत अर्थ नसतो. जागा नसेल तर दूर लावून चालत या.

आणि सोसायट्यांकडे: जवळच्या अग्निशमन केंद्राला पत्र द्या. प्रात्यक्षिक रविवारी मागू नका. मधल्या वारी, दुपारी चारला मागा. ज्येष्ठ नागरिक संघाला कळवा, महिला मंडळाला कळवा, इमारतीत कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला तेवढा वेळ भरपगारी सुट्टी द्या, शाळेतून येणाऱ्या मुलांना थेट मैदानात आणा. पहिली पिन सेक्रेटरींनी ओढायची नाही. ती सगळ्यात म्हाताऱ्या सभासदाला ओढू द्या, मग मावशींना, मग मुलांना. कोणाच्या हातात जोर पुरत नाही, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाला ऐकू कमी येतं, हे त्या अर्ध्या तासात कळेल. मजल्यानुसार त्यांची यादी करा, एक प्रत केंद्राला द्या, एक वॉचमनच्या टेबलावर ठेवा. वर्दीवर आलेला जवान पहिला प्रश्न हाच विचारतो: वर कोण राहिलंय? उत्तर देणारा माणूस गेटवर तयार पाहिजे.